लॅरी होम्स: ज्याने अलीला हरवलं, त्याचं पुढे काय झालं?

कॅम्पातला

ऑक्टोबर १९८० मध्ये मी आठवीत होतो. आमच्या घरी पेपर आला की आधी काकांच्या हातात जायचा आणि ते शेवटून वाचायला सुरुवात करायचे, म्हणजे खेळाच्या पानापासून. त्या दिवशी त्यांनी पान उघडलं, थोडा वेळ बघत राहिले आणि एक शब्द न बोलता पेपर घडी करून ठेवून दिला. अली हरला होता.

त्याच वर्षी जानेवारीत मोहम्मद अली भारतात येऊन गेला होता. दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला होता. त्याचं कात्रण काकांनी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं होतं. आणि आता लॅरी होम्स नावाच्या कुणीतरी लास वेगासला त्याच अलीला दहा फेऱ्या नुसता बडवला होता. अकराव्या फेरीला अली उठलाच नाही. खरं तर त्याला उठू दिलं नाही, त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. मी त्या दिवसापासून होम्सवर डूख धरून बसलो.

पुढे कॉलेजला पुण्यात आलो आणि कॅम्पातल्या एका हॉलमध्ये बॉक्सिंग शिकायला लागलो. सर सैन्यातून निवृत्त झालेले. पहिले तीन महिने त्यांनी आम्हाला फक्त डावा हात शिकवला. खांद्याच्या उंचीवर एक सुतळी बांधलेली असायची. जॅब सुतळीला समांतर गेला पाहिजे आणि गेला त्याच रेषेत परत आला पाहिजे. परत येताना हात सुतळीखाली घसरला की सरांच्या हातातलं पॅड गालावर फाटकन बसायचं. "देणं सोपं आहे रे, परत आणणं शिक," हे त्यांचं रोजचं वाक्य. एकदा ते कुठूनतरी व्हिडिओ कॅसेट घेऊन आले आणि म्हणाले, डावा हात बघायचा असेल तर ह्याचा बघा. पडद्यावर लॅरी होम्स. मी उठून बाहेर गेलो नाही इतकंच, पण तोंड वाकडं करून बसलो होतो. पाचेक मिनिटांनी ते सरळ झालं.

गेली काही वर्षं मी ह्या माणसाच्या लढती पुन्हा पुन्हा बघतोय. बॉक्सिंगवर मराठीत लिहिलं जातं ते अली, टायसन, फार तर फोरमनवर. होम्सवर मी मराठीत काही वाचलेलं नाही. म्हणून हा धागा. लांबेल, आधीच सांगतो.

जन्म ३ नोव्हेंबर १९४९, जॉर्जियातलं कथबर्ट नावाचं गाव. बारा भावंडं. लहानपणीच कुटुंब पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनला आलं. वडील कामासाठी कनेक्टिकटला गेले, घर आईनेच सरकारी मदतीवर ओढलं. लॅरीने सातवीत शाळा सोडली. बूटपॉलिश केलं, तासाला एक डॉलरवर गाड्या धुतल्या, नंतर ट्रक चालवला, पोलाद कारखान्यात राबला. हौशी बॉक्सिंगमध्ये २२ लढतींपैकी तीनच हरला, पण त्यातली एक १९७२ च्या ऑलिंपिक निवडीची होती. ड्वेन बॉबिकने त्याला पाडलं, मग हा त्याला सारखा मिठ्या मारून अडवायला लागला आणि शेवटी बाद ठरवला गेला. तेव्हापासून "ह्याच्यात दम नाही" असा शिक्का बसला. बॉक्सिंगमध्ये हा शिक्का पुसता पुसला जात नाही.

२१ मार्च १९७३ ला स्क्रँटनमध्ये पहिली व्यावसायिक लढत. चार फेऱ्या, जिंकला, मिळाले ६३ डॉलर.

पोट भरायला तो मोठ्या मुष्टियोद्ध्यांचा सरावातला जोडीदार झाला. जो फ्रेझर, अर्नी शेव्हर्स आणि मुख्य म्हणजे अली. अलीचं डिअर लेकचं शिबिर पेनसिल्व्हेनियातच होतं. तिथे अलीचा ठोसा बसून ह्याचा डोळा काळानिळा झाला. लोक बर्फ घेऊन धावले तर हा बर्फ लावू देईना. सूज उतरली तर ईस्टनला जाऊन दाखवणार काय! अलीने मारलंय मला, हे त्याला गावभर मिरवायचं होतं.

पुढे ह्याच पोराला त्याच माणसाला बडवायचं होतं, हे लक्षात ठेवून बाकीचं वाचा.

९ जून १९७८, केन नॉर्टन. नॉर्टन म्हणजे अलीचा जबडा मोडणारा. डब्ल्यूबीसीने, म्हणजे जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी एकीने, लिऑन स्पिंक्सचं जेतेपद काढून नॉर्टनला दिलं होतं. होम्सचा डावा हात सरावात काही दिवस आधी दुखावला होता, स्नायू फाटला होता. जॅबवर जगणारा माणूस आणि नेमका तोच हात! तरी पहिल्या अर्ध्यात त्याने जॅबच्या जिवावर फेऱ्या जिंकल्या. मग नॉर्टन पुढे येत गेला, येत गेला, आणि पंधरावी फेरी सुरू झाली तेव्हा कोण जिंकतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ती पंधरावी फेरी तुम्ही एकदा बघाच. तीन मिनिटं. दोघांचे हात जड झालेत, तोंडं उघडी पडलीत, गार्ड नावाची गोष्ट शिल्लक नाही. नॉर्टन मारतो, होम्सचं डोकं मागे जातं. होम्स मारतो, नॉर्टनच्या घामाचे शिंतोडे दिव्यांच्या उजेडात उडताना दिसतात. कुणी मागे सरत नाही. शेवटच्या काही सेकंदांत होम्सचे ठोसे बसतात आणि नॉर्टनचे पाय लडखडतात. निकाल: दोन पंचांचे १४३-१४२ होम्सला, तिसऱ्याचे १४३-१४२ नॉर्टनला. गाड्या धुणारा पोरगा जगज्जेता झाला तो असा, एका गुणाने.

"दम नाही" म्हणणाऱ्यांना खरं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. सप्टेंबर १९७९, अर्नी शेव्हर्सबरोबर दुसरी लढत. शेव्हर्सचा उजवा हात हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाच्या, इतिहासातल्या सगळ्यात जड हातांपैकी एक. सातव्या फेरीत तो नेमका बसला. होम्स असा पडला की आता उठत नाही असंच वाटतं. तो उठला, ती फेरी कशीबशी काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच संपवलं.

अलीच्या लढतीबद्दल आणि पुढच्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो. हात दुखले.

निशिगंध

वाचतेय. बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण बर्फाचा प्रसंग वाचून गलबलून आलं. कॅम्पातला दादा, एक भाबडा प्रश्न: जॅब म्हणजे नक्की काय? आणि त्यात एवढं विशेष काय, की तीन महिने तेवढंच शिकवतात?

कॅम्पातला

निशिगंध, प्रश्न अजिबात भाबडा नाही.

उजव्या हाताने खेळणारा डावा हात आणि डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. पुढच्या हाताने सरळ मारलेला ठोसा म्हणजे जॅब. तो फार कमी अंतर जातो, म्हणून समोरच्याला दिसायच्या आत पोचतो. त्याने माणूस सहसा पडत नाही. पण त्याने अंतर मोजलं जातं, समोरच्याची लय तुटते, त्याला डोळे मिटावे लागतात. स्वयंपाकघरात पहिला अंदाज फोडणीला येतो ना, तेल तापलंय की नाही हे एका मोहरीवरून कळतं, तसं. पहिल्या जॅबलाच समोरचा काय करतोय ते कळतं.

होम्सची उंची सहा फूट तीन इंच, हातांचा पल्ला ८१ इंच. पण लांब हात पुष्कळांचे असतात. ह्याचा जॅब कंबरेजवळून निघायचा, खांद्याची हालचाल न दाखवता, आणि टप्प्याटप्प्याने यायचा. पहिला हलका, दुसरा जरा लांब, तिसऱ्यात सगळं वजन. बाकीच्यांच्या जॅबला न जुमानणारे लोक ह्याच्या जॅबने थबकायचे.

आता दोषही सांगतो, कारण सर आधी तोच दाखवायचे. मारून झाल्यावर त्याचा डावा हात खालून परत यायचा. त्या क्षणी चेहऱ्याची डावी बाजू उघडी. वरून येणारा उजवा हात तिथेच घुसतो. शेव्हर्स, १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्स, पुढे टायसन, तिघांनीही त्याला उजव्याच हाताने पाडलं. सुतळी त्यालाही हवी होती!

शमी

सुंदर लिहिताय. मी डॉक्टर आहे, म्हणून अलीच्या लढतीबद्दल थोडी भर घालते.

१९८० साली अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं अधिकृत लढत खेळलेला नव्हता. बोलण्यात जडपणा आला होता. लढतीआधी त्याला मेयो क्लिनिकमध्ये तपासलं गेलं आणि नेवाडात परवानगी मिळाली. वजन उतरवण्यासाठी आणि तरतरी यावी म्हणून त्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या त्याने ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेतल्या, असं नंतर समोर आलं. वजन २१७ पौंडांपर्यंत खाली आलं, पांढरे केस काळे केले, तो आरशात पुन्हा तरुण दिसायला लागला.

गरज नसताना थायरॉइड हार्मोन घेतलं की काय होतं? शरीर बसल्या जागी जास्त इंधन जाळतं. चरबीबरोबर स्नायूही जातात. हृदयाचे ठोके वाढतात. सगळ्यात घातक म्हणजे उष्णता बाहेर टाकणं अवघड होतं. ही लढत उघड्यावर होती, वाळवंटातल्या शहरात, दिव्यांच्या झोताखाली. अली पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच संपला होता असं तो स्वतःच सांगायचा. मी चित्रफीत पाहिली तेव्हा माझं लक्ष ठोशांकडे नव्हतंच. त्याला पुरेसा घाम दिसत नव्हता. ते बघून मी लॅपटॉप बंद केला.

त्याला रिंगमध्ये उतरवणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचा मला राग येतो. समोर उभ्या असलेल्या होम्सचा मात्र येत नाही.

कॅम्पातला

शमीताई, मनापासून आभार. हे माझ्याकडून इतकं नेमकं लिहून झालं नसतं.

त्या दहा फेऱ्या मी आयुष्यात दोनदाच पाहिल्यात. तिन्ही पंचांनी एकूणएक फेऱ्या होम्सला दिल्या. पण बघण्यासारखं आहे ते होम्स काय करत होता हे. तो जॅब मारतो, अली दोऱ्यांवर रेलतो, होम्स एक पाऊल मागे घेऊन रिंगमधल्या पंचांकडे बघतो. थांबवा ना, असं ते बघणं. पंच थांबवत नाहीत, मग पुन्हा मारावं लागतं. नवव्या फेरीत एक ठोसा बरगडीखाली बसला आणि अली कळवळला. ज्याने दिलेला काळा डोळा गावभर मिरवला, त्याची ही अवस्था आपल्याच हाताने करायची.

लढतीनंतर होम्स रडला. मग अलीच्या खोलीवर गेला, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणाला, आता पुन्हा खेळू नकोस म्हणाला. सांगतात की अलीने त्या अवस्थेतही "मला होम्स पाहिजे" असा घोष सुरू करून खोलीतल्यांना हसवलं.

जिंकूनही त्याच्या वाट्याला काय आलं? अलीला हरवल्याबद्दल लोकांनी त्याला माफ केलं नाही, आणि म्हाताऱ्या अलीला हरवलं म्हणून श्रेयही दिलं नाही. हरला असता तर? तर त्याला कुणी ओळखलंही नसतं.

जुनाजाणता

लेख उत्तम, पण थोडी दुसरी बाजूही यायला हवी. मी तेव्हा मस्कतला नोकरीला होतो आणि तिथे इंग्रजी मासिकं मिळायची, त्यामुळे हा काळ बऱ्यापैकी वाचलेला आहे.

होम्सने २० वेळा जेतेपद राखलं हे खरं. पण त्यात लुसियन रॉड्रिग्ज, स्कॉट फ्रँक ही कोण मंडळी? नोव्हेंबर १९८३ मध्ये फ्रेझरच्या मुलाला, मार्विसला, पहिल्याच फेरीत लोळवलं. त्या पोराच्या तेव्हा अवघ्या दहा लढती झाल्या होत्या. पिंकलन थॉमस, ग्रेग पेज हे भरात असताना त्यांच्याशी होम्स कधी खेळला नाही. पेजबरोबरच्या लढतीचा आग्रह झाला तेव्हा डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून नव्याने निघालेल्या आयबीएफ ह्या संघटनेचा घेतला. डब्ल्यूबीए ह्या आणखी एका संघटनेचा विजेता गेरी कोएट्झीबरोबर १९८४ मध्ये लढत ठरली होती, तीही झाली नाही. जो लुईसने २५ वेळा जेतेपद राखलं, पण त्याच्या काळात जगज्जेता एकच असायचा. होम्सच्या काळात पट्टे वाटले गेले होते. तो चांगला होता, फार चांगला होता. पण पहिल्या पाचात बसवायची घाई नको.

अकोलेकर

जुनाजाणता काका, आदर ठेवून असहमत. मी स्वतः बॉक्सिंग करतो, अकोल्यात. टिम विदरस्पूनला घ्या. १९८३ ची लढत, विदरस्पूनच्या फक्त १५ लढती झालेल्या. निकाल विभागून, म्हणजे दोन पंच इकडे आणि एक तिकडे, होम्सला मिळाला आणि लोक म्हणाले म्हातारा नशिबाने वाचला. पण तोच विदरस्पून पुढे दोनदा जगज्जेता झाला. बर्बिक पुढे जगज्जेता झाला, वीव्हर झाला, बोनक्रशर स्मिथ झाला. ह्या सगळ्यांना होम्सने ते मोठे व्हायच्या आधीच हरवलं होतं. पाहुणा नंतर श्रीमंत झाला म्हणून आधीचा पाहुणचार खोटा ठरत नाही.

शेव्हर्सच्या लढतीत सातव्या फेरीतल्या त्या पडण्याबद्दल एक सांगतो. मी गेल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या सरावात पडलो होतो. पडल्यावर दुखत नाही. आवाज जातो. खालचा कॅनव्हास गार लागतो आणि पाय आपले नसतात. माझ्या डोक्यावर हेडगार्ड होतं, ग्लव्ह जाड होते, आणि मारणारा ६७ किलोचा होता. तरी मी त्या फेरीत उठून उभा राहण्यापलीकडे काही करू शकलो नाही. शेव्हर्सचा हात खाऊन माणूस चार फेऱ्यांनी त्यालाच थांबवतो, हे मला समजूच शकत नाही.

कॅम्पातला

जुनाजाणता, तुमचा मुद्दा रास्त आहे. कोएट्झीची लढत पैशांअभावी बारगळली, पण पेज आणि थॉमसबद्दल मीही होम्सचा वकील होणार नाही. ३४ वर्षांचा झाला होता, कमी धोक्यात जास्त पैसे बघत होता. तासाला एक डॉलरपासून सुरू केलेल्या माणसाने तो हिशोब केला याचं मला वाईट वाटत नाही, पण इतिहासात ती जागा रिकामी राहिली हे खरं.

अकोलेकर, जपून खेळा. आणि हनुवटी खाली!

आता कूनी. ११ जून १९८२. जेरी कूनी, सहा फूट सहा इंच, २५ लढती, २५ विजय, आयरिश वंशाचा गोरा. अमेरिकेला किती तरी वर्षांत गोरा हेवीवेट विजेता मिळाला नव्हता आणि ह्या लढतीची सगळी जाहिरात त्यावरच झाली. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर आव्हानवीर कूनी झळकला, विजेता होम्स नव्हे. प्रथा अशी की विजेत्याचं नाव शेवटी पुकारतात. त्या रात्री होम्सचं आधी पुकारलं गेलं. धमक्या येत होत्या, आसपासच्या छतांवर बंदूकधारी पोलीस बसवले होते. दोघांना सारखेच पैसे, प्रत्येकी सुमारे एक कोटी डॉलर, म्हणजे चार वर्षं जगज्जेता असलेल्याची आणि आव्हानवीराची किंमत एकच.

त्या वातावरणात रिंगच्या मध्यावर होम्स कूनीला काय म्हणाला? चल, चांगली लढत देऊ या. बस. दुसऱ्या फेरीत त्याने कूनीला पाडलं. कूनी उठला आणि मनापासून लढला, कंबरेखाली मारल्याबद्दल त्याचे तीन गुण कापले गेले. तेराव्या फेरीत त्याचा प्रशिक्षक व्हिक्टर व्हाले दोऱ्यांमधून आत शिरला आणि त्याने आपल्या पोराला मिठीत घेतलं. माझ्या मते होम्सची ही सर्वांत पूर्ण लढत. पुढे होम्स आणि कूनी दोस्त झाले आणि अजून आहेत. बाहेरच्यांनी लावलेली आग त्या दोघांनी आपल्यापुरती विझवून टाकली.

निशिगंध

हे सगळं वाचून कौतुकही वाटतंय आणि धडधडही होतेय. शमीताईंनी लिहिलेलं वाचल्यावर प्रश्न पडतो की असा खेळ असावाच का?

कॅम्पातला

निशिगंध, ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लास वेगासला रे मॅन्सिनीबरोबरच्या लढतीनंतर मेला. चौदाव्या फेरीत पडला होता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत होम्सची ह्यूस्टनला टेक्स कॉबशी लढत होती. कॉब पंधरा फेऱ्या मार खात उभा राहिला, पडेना आणि कुणी थांबवेना. समालोचक हॉवर्ड कोसेल इतका उबगला की त्यानंतर त्याने व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचनच सोडलं. पुढे जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. माझ्या मुलाला मी सुतळीचा जॅब शिकवला, पण स्पॅरिंगला, म्हणजे सरावातल्या लढतींना, पाठवलं नाही. यावरून काय ते समजा.

जुनाजाणता

मार्सियानोचं लिहा. त्याच्याशिवाय होम्स पूर्ण होत नाही.

कॅम्पातला

तिकडेच येत होतो.

रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला, एकही न हरता निवृत्त झाला. शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५. बरोबर तीस वर्षांनी, २१ सप्टेंबर १९८५ ला, होम्स ४८-० वर, म्हणजे ४८ विजय आणि एकही पराभव नाही, असा उभा होता. समोर मायकेल स्पिंक्स, लाइट हेवीवेटचा, म्हणजे त्याहून हलक्या वजनगटाचा विजेता. ह्याच्या भावाला, लिऑनला, होम्सने १९८१ मध्ये तिसऱ्या फेरीत उडवलं होतं. आणि लाइट हेवीवेटच्या गादीवरचा कुणीही तोवर हेवीवेटचं जेतेपद जिंकू शकलेला नव्हता. मार्सियानोच्या घरची मंडळीही तिथे हजर होती.

स्पिंक्स एका जागी थांबलाच नाही. वेड्यावाकड्या कोनांतून यायचा, दोन-चार मारून निघून जायचा. आणि होम्सचा जॅब पोचेना. ३५ वर्षांच्या माणसाला फट दिसते, पण हात तिथे पोचेपर्यंत ती बुजलेली असते. पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी स्पिंक्सला विजेता ठरवलं. सात वर्षं आणि तीन महिने टिकलेली गादी गेली. त्याहून जास्त काळ सलग फक्त जो लुईस टिकला होता.

आणि मग पत्रकारांसमोर होम्स बोलून गेला. मार्सियानोची माझा लंगोट उचलायचीही लायकी नाही, अशा अर्थाचं. समोर मेलेल्या माणसाचं कुटुंब बसलेलं. नंतर त्याने माफी मागितली, पण ते एक वाक्य त्याच्या ४८ विजयांवर बसलं. आजही त्याच्याबद्दल बोलायला सुरुवात केली की लोक आधी तेच काढतात. चुकलंच त्याचं. पण सात वर्षं ज्याला येताजाता कुणाशी तरी ताडून बघितलं, आधी अलीशी, मग मार्सियानोशी, तो हरल्याच्या रात्री काय बोलेल?

एप्रिल १९८६ मध्ये पुन्हा स्पिंक्स. ह्या वेळी निकाल विभागून गेला आणि बघणाऱ्या पुष्कळांना होम्स जिंकला असं वाटलं. मलाही वाटतं. गुण मी स्वतः दोनदा मांडून पाहिलेत.

तात्पुरता

टायसनने ह्यालाच मारलं ना? अलीचा बदला वगैरे?

कॅम्पातला

हो. २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी. होम्स ३८ चा, म्हणजे अली तेव्हा होता त्याच वयाचा. टायसन २१. टायसनने सांगितलेली आठवण अशी, की १९८० ची ती लढत त्याने चौदाव्या वर्षी पाहिली आणि मोठा झाल्यावर ह्याचा हिशोब चुकता करीन, असं अलीला फोनवर सांगितलं. अली त्या रात्री हजर होता. चौथ्या फेरीत टायसनने होम्सला तीनदा पाडलं. ७५ लढतींत होम्सला कुणी थांबवलं ते एवढं एकदाच.

पण मला त्यानंतरचं जास्त आवडतं. फेब्रुवारी १९९२. होम्स ४२ वर्षांचा, पोट सुटलेलं. समोर रे मर्सर, ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, अपराजित. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागणार. होम्स जाऊन कोपऱ्यात उभा राहिला आणि तिथूनच खेळला. खांद्यावर ठोसे झेलायचे, अर्धा इंच डोकं हलवायचं, आणि परत तो जॅब. पाय गेले होते, डोळा गेला नव्हता. बारा फेऱ्या जिंकून त्याने तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डशी जेतेपदाची लढत मिळवली, तीही पूर्ण बारा फेऱ्या खेळला. हरला. १९९५ मध्ये तेव्हाचा डब्ल्यूबीसी विजेता मॅकॉलशी अगदी थोडक्यात हरला. शेवटची लढत २००२ मध्ये, वय ५२. एकूण ६९ विजय, त्यात ४४ नॉकआउट, सहा पराभव.

डेलावेअरकर

गेली तीन वर्षं फक्त वाचक होतो, ह्या धाग्यासाठी लॉगिन केलं.

मी ईस्टनपासून वीस मिनिटांवर राहतो. मूळचा सांगली जिल्ह्यातला. ईस्टन संगमावरचं गाव आहे, डेलावेअर आणि लीहाय ह्या दोन नद्या तिथे मिळतात. पलीकडे पूल ओलांडला की न्यू जर्सी. आपल्या मुलांच्या दप्तरात असतात ते क्रेयोला खडूही ह्याच गावचे, इथे येणारे बहुतेक पाहुणे ते बघायलाच येतात. आमच्याकडे आई-बाबा आले की त्यांनाही मी तिथेच नेतो.

नदीकाठच्या रस्त्याचं नाव लॅरी होम्स ड्राइव्ह. बरीच वर्षं मी त्यावरून जात होतो आणि मला वाटायचं हा कुणी जुना महापौर असेल. मग २०१५ मध्ये तिथे पुतळा बसला आणि कळलं. इथल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते लढतींबद्दल कमी बोलतात. त्याने गावातच इमारती बांधल्या, हॉटेल चालवलं, पैसे गावातच गुंतवले आणि गाव सोडलं नाही, हे सांगतात. त्याच्या पिढीतल्या कितीतरी मुष्टियोद्ध्यांचे पैसे गेले, ह्याचे राहिले.

शनिवारी मुलाला घेऊन पुतळ्याकडे जातोय. कॅम्पातला काका, त्याला जॅब दाखवायचाय. डावा पाय किती पुढे ठेवायचा?

कॅम्पातला

खांद्याइतकं अंतर, डावं पाऊल थोडं आत वळलेलं, उजवी टाच किंचित उचललेली. वजन दोन्ही पायांवर सारखं. आणि येताना हात खालून येऊ देऊ नका. सुतळी नसेल तर पुतळ्याभोवती कठडा असेल, त्याच्या उंचीचा अंदाज घ्या.

फोटो टाका इथे. काकांना दाखवतो. ते आता ८६ वर्षांचे आहेत, कपाटाच्या दारावर कात्रण अजून आहे, आणि होम्सचं नाव काढलं की अजूनही मान फिरवतात.